बिघाड कुठे थांबायला हवा होता: बॉस्टनच्या एका इस्पितळाचं नेटवर्क, नोव्हेंबर २००२

१३ नोव्हेंबर २००२, बुधवार. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमध्ये दुपारी पावणेदोनच्या सुमाराला संगणक जड चालू लागले. आधी स्क्रीन उशिरा उघडत होत्या, मग उघडेचनात. डॉक्टरांना संगणकावरून औषधं मागवता येईनात, लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसेनात. वीज होती आणि सर्व्हर चालू होते. माहितीही जागेवर सुरक्षित होती. फक्त एका यंत्राचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. ही अवस्था तीन दिवसांहून जास्त टिकली.

इस्पितळाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख तेव्हा जॉन हलाम्का होते. ते स्वतः आपत्कालीन विभागातले डॉक्टर. त्या दुपारी इस्पितळ २००२ सालातून थेट १९७२ सालात गेलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. एकाही रुग्णाला इजा झाली नाही, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांनी हे प्रकरण दडपलं नाही. काय चुकलं ते नावानिशी आणि तारखेनिशी जाहीर सांगितलं, म्हणून आज वीस वर्षांनंतरही आपण त्यावर बोलू शकतो. नेटवर्कच्या धंद्यात असा मोकळेपणा मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हेच प्रकरण निवडायचं कारण सांगतो. स्विच (एका जाळ्यातली यंत्रं जोडणारं उपकरण), राउटर (वेगवेगळी जाळी जोडणारं), ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं) यांची संख्या वाढली की त्यांचे गट पाडावे लागतात, हे सगळ्यांनाच पटतं. मग चर्चा सुरू होते ती देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर कसे करायचे याची: मजल्याप्रमाणे, कंपनीप्रमाणे की मॉडेलप्रमाणे. ही चर्चा वाईट नाही, पण ती दुसऱ्या पायरीची आहे. या गटात काही बिघडलं तर बिघाड कोणत्या दारापाशी थांबेल, हे आधी ठरायला हवं. बॉस्टनच्या त्या नेटवर्कमध्ये असं दार नव्हतं.

एकात एक गुंतलेला वाडा

हे इस्पितळ दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झालं. न्यू इंग्लंड डीकनेस १८९६ची आणि बेथ इस्रायल १९१६ची. १९९६ मध्ये दोन्ही एक झाल्या. त्यांच्या आवारांना आजही पूर्व आणि पश्चिम कॅम्पस म्हणतात. विलीनीकरणात कागदपत्रं एक होतात, पगारपत्रक एक होतं, आणि दोन्हीकडची नेटवर्कंही जोडली जातात. जोडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे इकडच्या स्विचमधून तिकडच्या स्विचमध्ये केबल टाकणं. लगेच दिवे लागतात, दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना दिसू लागतात आणि काम झालं असं वाटतं.

आपल्याकडे जुन्या वाड्याला आधी पडवी निघते, मग पडवीला खोली, आणि खोलीच्या मागे न्हाणीघर. प्रत्येक वेळी गरज खरी असते आणि प्रत्येक वेळी भिंत शेवटच्या भिंतीलाच जोडली जाते. इथे तसंच झालं. नवा विभाग आला की जवळच्या स्विचला नवा स्विच लावायचा. हे सगळं स्विचिंगच्या पातळीवर, मध्ये राउटरची सीमा न घालता वाढत गेलं. नेटवर्कवाले याला ‘फ्लॅट’ नेटवर्क म्हणतात, म्हणजे सपाट माळरान, मध्ये बांध नाही. क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमा साठवणारी आणि पाठवणारी पॅक्स ही यंत्रणा अशाच साखळीच्या टोकाला होती. तिथून कोअर, म्हणजे मध्यवर्ती मुख्य स्विचपर्यंत यायला दहा स्विच ओलांडावे लागत. दहा हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आपल्याकडच्या इस्पितळांत, कारखान्यांत, कॉलेजांत मी हेच चित्र पाहतो. नवी इमारत झाली की तिची फायबर जुन्या इमारतीच्या शेवटच्या रॅकमध्ये येते, कारण तिथे पोर्ट रिकामा असतो. पोर्ट रिकामा आहे, एवढ्याच कारणावर नेटवर्कचा आराखडा ठरतो.

एक सॉफ्टवेअर, एक रजा

इस्पितळातल्या एका संशोधकाने माहितीची देवाणघेवाण करणारं नवं सॉफ्टवेअर प्रयोगासाठी बसवलं होतं. नेटवर्कवर फिरून माहिती शोधायची आणि तिच्या प्रती करायच्या, असं त्याचं काम. ते प्राथमिक अवस्थेत असतानाच पत्नीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि तो घाईने निघून गेला. सॉफ्टवेअर चालूच राहिलं. ते आजूबाजूच्या संगणकांवरून अधिकाधिक माहिती ओढू लागलं आणि १३ तारखेच्या दुपारपर्यंत नेटवर्कवरून प्रचंड माहिती वाहू लागली.

या माणसाला दोष देऊन विषय संपवणं सोपं आहे, पण मला ते चुकीचं वाटतं. संशोधक प्रयोग करणारच, तेच त्याचं काम आहे. प्रयोगशाळेतल्या एका संगणकाने केलेल्या गर्दीमुळे अतिदक्षता विभागातला रिपोर्ट अडतो, तेव्हा त्या दोघांना एकाच माळरानावर कोणी बसवलं हे विचारायला हवं.

माहितीच्या लोंढ्याने मध्यभागी असलेला एक स्विच पूर्ण व्यापून टाकला. शेजारचे स्विच त्याला ‘आहेस का?’ असं विचारत होते आणि त्याला उत्तर द्यायलाही सवड नव्हती. तो गेला असं समजून इतरांनी पर्यायी वाटा शोधायला सुरुवात केली. रचना अशाच प्रसंगासाठी केलेली असते, त्यामुळे इथपर्यंत सगळं ठीक होतं. यानंतर जे झालं त्याच्या मुळाशी स्पॅनिंग ट्री आहे, आणि गट का पाडायचे याचं तांत्रिक उत्तरही तिथेच आहे. म्हणून इथे थोडं थांबतो.

झाड आणि वर्तुळ

दोन स्विचमध्ये एकच केबल असेल तर ती तुटल्यावर संपर्क जातो. म्हणून आपण दुसरी वाट ठेवतो. पण दुसरी वाट ठेवली की वर्तुळ तयार होतं, आणि इथरनेटमध्ये, म्हणजे स्विच ज्या पद्धतीने माहिती पाठवतात तिच्यात, वर्तुळ घातक असतं. आयपी पाकिटावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे स्विचमधून जाणाऱ्या पाकिटावर, असा कोणताही आकडा नाही. वर्तुळात सापडलेली फ्रेम कोणी केबल काढेपर्यंत फिरत राहते. ती सगळ्यांसाठीची म्हणजे ब्रॉडकास्ट असेल तर प्रत्येक स्विच तिच्या प्रती सगळ्या पोर्टवर सोडतो. काही सेकंदांत तिच्या अगणित प्रती होतात.

यावरचा उपाय, म्हणजेच स्पॅनिंग ट्री, १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी शोधला. स्विचनी आपसात बोलून एक झाड ठरवायचं. ज्या वाटांमुळे वर्तुळ होतं त्या बंद ठेवायच्या आणि चालू वाट तुटली तरच त्या उघडायच्या. पुढे हेच आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.१डी मानक झालं. झाडाच्या मुळाशी असलेला स्विच दर २ सेकंदांनी एक छोटा निरोप सोडतो आणि तो फांद्याफांद्यांतून पुढे जातो. बंद ठेवलेला पोर्ट हे निरोप ऐकत असतो. निरोप येताहेत तोवर गप्प बसायचं. २० सेकंद निरोप आला नाही, तर मुळाकडची वाट तुटली असं समजायचं, १५ सेकंद ऐकायचं, १५ सेकंद शिकायचं आणि मग वाट उघडायची.

आता यातली नाजूक बाजू पाहा. वाट खरंच तुटली आहे की मधला स्विच इतका दमला आहे की निरोप पुढे देऊ शकत नाही, हा फरक बंद पोर्टला कळत नाही. दोन्ही वेळा त्याला शांतताच ऐकू येते. वाट तुटलेली नसताना त्याने ती उघडली तर झाडाचं वर्तुळ होतं. वर्तुळामुळे गर्दी वाढते, गर्दीमुळे आणखी स्विच दमतात आणि आणखी निरोप हरवतात.

शिवाय हे २, १५ आणि २० सेकंदांचे आकडे एका गृहीतावर बसवलेले आहेत. नेटवर्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच नसावेत, असं ते गृहीत आहे. त्याहून लांब साखळी केली तर यंत्र तक्रार करत नाही. रोजचं काम चालतं, वर्षानुवर्षं चालतं. पण झाड बदलायची वेळ आली की लांबच्या टोकापर्यंत बातमी वेळेवर पोहोचत नाही. एका टोकाला नवं झाड असतं आणि दुसऱ्या टोकाला जुनं. पॅक्सची साखळी दहाची होती.

१३ तारखेला झालं ते हे. मधला स्विच बंद पडल्यासारखा वाटला, पर्याय उघडले, मर्यादेबाहेर गेलेल्या नेटवर्कला एकाच झाडावर एकमत करता आलं नाही, आणि फ्रेम गोल फिरू लागल्या. मूळ कारण झालेलं सॉफ्टवेअर आता बंद केलं तरी उपयोग नव्हता. वर्तुळ स्वतःच्या जोरावर चालू होतं.

तीन दिवस कागदावर

इस्पितळाने जुनी पद्धत बाहेर काढली. औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या जाऊ लागल्या आणि लॅबचे निकाल घेऊन माणसं जिन्यांवरून धावू लागली. अनेक तरुण डॉक्टरांनी कागदावर ऑर्डर लिहिलेलीच नव्हती, त्यांना ज्येष्ठांनी शिकवलं. आपत्कालीन विभागाला काही तास रुग्णवाहिका दुसऱ्या इस्पितळांकडे वळवाव्या लागल्या.

नेटवर्कच्या खोलीत काय चाललं असेल, याची कल्पना हे काम केलेल्या कोणालाही येईल. एखादी केबल काढून पाहायची. थोडं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. प्रत्येक केबल काढली किंवा लावली की झाड नव्याने मोजायला लागतं, म्हणजे उपचार करताना प्रत्येक स्पर्शाने रुग्णाचा ताप वर जातो. पूर्व कॅम्पस पूर्ण तोडून पश्चिमेचं पाहू, असं म्हणायची सोय नव्हती, कारण दोन्ही एकच जाळं होतं. आग लागली आहे हे कळत होतं, पण कोणत्या खोलीत ते सांगता येत नव्हतं, कारण खोल्याच नव्हत्या.

पुढे सिस्को कंपनीचं खास पथक आलं. त्यांनी पूर्ण नेटवर्क नव्याने मोजलं, दहा स्विचची साखळी शोधली आणि तोडगा म्हणून राउटिंग करणारी नवी मोठी उपकरणं बसवून पॅक्स आणि इतर भाग स्वतंत्र केले. माळरानावर बांध घातले गेले. हलाम्का यांनी नंतर मांडलेल्या धड्यांत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. तज्ज्ञांना बोलवायला संकोच करू नका, ही एक. नेटवर्कचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका, ही दुसरी. गटांशी या दुसऱ्या गोष्टीचा थेट संबंध आहे. गट नीट पाडलेले आणि नावं दिलेली असली तर कॅलिफोर्नियातून आलेला अनोळखी इंजिनीअरही रात्री दोन वाजता नकाशा वाचू शकतो.

गट कुठे पाडायचे

आता हेच इस्पितळ समोर ठेवून मी काय करेन ते सांगतो. मला पहिली रेघ इमारतीच्या दारात हवी. प्रत्येक इमारतीतले स्विच त्या इमारतीतल्या दोन वितरण स्विचना जोडायचे आणि तिथून कोअरकडे फक्त राउटिंगने जायचं. मग इमारतीत वर्तुळ झालं तर ती इमारत आजारी पडते, शेजारची नाही. स्पॅनिंग ट्रीची साखळी दोन-तीन स्विचपुरती उरते आणि सातच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

इथे एक फसवी वाट आहे आणि तिच्यात मी चांगली माणसं अडकलेली पाहिली आहेत. ‘आम्ही व्हीलॅन केले आहेत, म्हणजे गट झाले’ असं लोक म्हणतात. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर कागदोपत्री वेगळी जाळी. ८०२.१क्यू या मानकात त्याच्या क्रमांकाला १२ बिट आहेत, म्हणून ४०९४ व्हीलॅन करता येतात. सोय मोठी आहे. पण रेडिओलॉजीचा एकच व्हीलॅन जर पूर्व कॅम्पसच्या तळघरापासून पश्चिमेच्या चौथ्या मजल्यापर्यंत पसरवला, तर नाव वेगळं असूनही बिघाडाची हद्द तेवढीच मोठी राहते. त्या व्हीलॅनमध्ये वर्तुळ झालं की त्याच केबलवरून जाणारे बाकीचे व्हीलॅनही गुदमरतात, कारण केबल एकच आहे आणि स्विचचा प्रोसेसरही एकच. व्हीलॅन इमारतीच्या दारात संपला पाहिजे. दोन इमारतींत रेडिओलॉजी असेल तर दोन सबनेट (पत्त्यांचे स्वतंत्र गट) करा आणि मध्ये राउटिंग ठेवा.

दुसरी रेघ कामाप्रमाणे. रुग्णसेवेची यंत्रं, प्रतिमांची यंत्रं, संशोधन, कार्यालय, पाहुण्यांचं वायफाय. पॅक्सला वेगळं ठेवायचं कारण त्याचा वाहतुकीचा स्वभाव: एका स्कॅनमागे मोठमोठ्या फाइल, एकदम. संशोधनाला वेगळं ठेवायचं कारण तिथे उद्या काय चालेल हे कोणालाच माहीत नसतं, आणि तसंच असायला हवं. त्यांच्या गटाला मोकळीक द्यायची, पण त्यांच्या दारातून किती माहिती बाहेर पडू शकते याला मर्यादा घालायची आणि रुग्णसेवेच्या सर्व्हरकडे जाणारी वाट आधी बंद ठेवून मागणीप्रमाणे उघडायची. एवढं असतं तर त्या संशोधकाचं सॉफ्टवेअर त्याच्याच इमारतीत धापा टाकत बसलं असतं.

पत्ते असे द्यायचे की पत्त्यावरूनच गट कळावा. समजा, दुसरा आकडा इमारतीचा आणि तिसरा कामाचा. १०.१२.३०.० म्हणजे बारावी इमारत, प्रतिमांची यंत्रं. लॉगमध्ये पत्ता दिसला की कुठे पळायचं ते कळतं. शिवाय कोअर राउटरला प्रत्येक इमारतीसाठी एकच ओळ पुरते.

देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधले गट इतकं झाल्यावर करायचे, आणि ते हाताने टिक मारून करू नयेत. स्विचचं नाव आणि ठिकाण त्याच्या स्वतःच्या एसएनएमपी नोंदीत (देखरेखीचं सॉफ्टवेअर दुरून वाचू शकतं अशा नोंदीत) शिस्तीने भरायचं आणि ‘नाव पश्चिम-४ ने सुरू होतं तो या गटात’ असा नियम लिहायचा. नवा स्विच लागला की आपोआप योग्य गटात जातो. हाताने केलेली यादी पहिल्या दिवाळीपर्यंत खरी असते. त्यानंतर कोणी रजेवर असताना कोणी तरी स्विच बदलतो आणि यादीत जुनाच राहतो. एकच उपकरण एकाहून अधिक गटांत असायला हरकत नाही: ठिकाणाच्या, कामाच्या आणि ‘हे बंद पडलं तर रात्री फोन करायचा का’ याच्या. हा शेवटचा गट फार जपून भरावा. सगळीच यंत्रं त्यात घातली तर एका वितरण स्विचमुळे फोन साठ वेळा वाजतो आणि पुढच्या खेपेला तो उशीखाली जातो. म्हणून कोणता स्विच कोणाच्या मागे आहे हे अवलंबित्वही सॉफ्टवेअरला सांगायचं, म्हणजे पुढचा गेला की मागच्यांच्या हाका ते आपोआप गिळतं.

प्रत्येक गटाला एक मालक हवा. तो तांत्रिक माणूसच असायला हवा असं नाही. पॅक्सच्या गटाचा मालक रेडिओलॉजीचा प्रमुख असू शकतो. त्याला विचारल्याशिवाय त्या गटात बदल करायचा नाही, आणि बदलाची वेळ त्याच्या कामाप्रमाणे ठरवायची.

हे इतकं सोपं असतं तर

सपाट नेटवर्क आळसाने टिकतं असं मला वाटत नाही. इस्पितळात जुनी यंत्रं असतात. त्यांचा आयपी पत्ता कंपनीने आतच पक्का बसवलेला असतो आणि तो बदलायला कंपनीचा माणूस यावा लागतो. काही यंत्रं आपला सर्व्हर ब्रॉडकास्ट करून शोधतात. मध्ये राउटर आला की ती आंधळी होतात. सोनोग्राफीची ढकलगाडी सकाळी एका वॉर्डात असते आणि दुपारी दुसऱ्या इमारतीत. अशा प्रत्येक यंत्रामागे एक डॉक्टर आणि एक रुग्ण असतो, आणि ‘आमचं आत्तापर्यंत चालत होतं’ हे त्यांचं म्हणणं खरंच असतं.

म्हणून मी एका रात्रीत सगळं बदलायला निघत नाही. सगळ्यात लांबची साखळी आधी तोडतो. इथे ती पॅक्सची असती. हट्टी यंत्रांसाठी त्या इमारतीपुरता एक छोटा जुना गट ठेवतो, त्याच्या दारावर पहारा ठेवतो आणि त्यात काय काय आहे याची तारखेसह नोंद ठेवतो. फिरत्या यंत्रांना डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता आपोआप देणाऱ्या व्यवस्थेवर, आणतो. पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावतो, म्हणजे कोणी टेबलाखाली स्वतःचा आठ पोर्टचा स्विच आणून लावला आणि त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर तो पोर्ट बंद होतो, आणि स्टॉर्म कंट्रोलने ब्रॉडकास्टला मर्यादा घालतो. नवं स्पॅनिंग ट्री, म्हणजे २००१ मध्ये आलेलं ८०२.१डब्ल्यू, जुन्यापेक्षा खूप चपळ आहे. पण चपळ झाड मिळालं म्हणून माळरान तसंच ठेवायचं, हा विचार मला मान्य नाही.

गट झाले की नाही हे कागदावर तपासता येत नाही. रविवारी सकाळी, सगळ्यांना आधी कळवून, कार्यालयाच्या इमारतीची कोअरकडची दोन्ही जोडणी काढा. देखरेखीच्या पडद्यावर नेमका तोच एक गट लाल झाला पाहिजे आणि एकच फोन वाजला पाहिजे. माझ्या अनुभवात पहिल्या खेपेला दुसऱ्या इमारतीतलंही काही तरी लाल होतं: एखादा प्रिंटर, हजेरीचं यंत्र, कोपऱ्यातला कॅमेरा. ते कोणत्या केबलने इथे आलं हे शोधायला त्याच दिवशी माणूस पाठवायचा, आणि केबल सापडेपर्यंत नकाशावर त्या दोन इमारती एकच गट म्हणून रंगवायच्या.